नावं ठेवणारा मुलगा आणि त्याचा पत्रमित्र

प्रश्न: माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. अभ्यासात चांगला आहे, वाचनही भरपूर, पण तोंडात कुणाबद्दल चांगला शब्द नसतो. वर्गातला अमुक मठ्ठ, तमुक दिखाऊ, सर बावळट, मावसभाऊ लोचट. समोरच्याची बाजू सांगायला गेलं की म्हणतो, "मी खरं तेच बोलतो." शाळेने यंदा दुसऱ्या देशातल्या एका शाळेबरोबर पत्रमैत्रीचा उपक्रम सुरू केला आहे. याच्या वाट्याला आलेल्या मुलाची दोन पत्रं आली. ती वाचून हा म्हणतो, "अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि चार ओळींत सहा चुका. असल्या मुलाला काय लिहायचं?" अशा पत्रमैत्रीने मूल खरंच थोडं मायाळू होतं का? आणि आम्ही आईबाबांनी काय करावं?

उत्तर: होतं. किशोरवयीन मुलांचं समुपदेशन करताना आणि शाळांना असे उपक्रम उभे करायला मदत करताना हा बदल मी जवळून पाहिला आहे. पण तो आपोआप होत नाही. शिवाय मोठ्यांना त्याचं जे कारण वाटतं, त्या कारणाने तर सहसा होत नाही. मोठ्यांची अपेक्षा असते की दुसऱ्या मुलाचं खडतर आयुष्य कळलं की आपलं मूल विरघळेल. नुसत्या माहितीने मुलं विरघळत नाहीत. आधी तो लांबचा माणूस आवडायला लागतो. मग एक दिवस कळतं की आपण ज्या प्रकारच्या माणसांना नावं ठेवतो, त्यांतलाच हा एक आहे. आणि त्यामागचं कारण तो स्वतःच्या शब्दांत सांगतो. या तीन गोष्टी एकत्र आल्या की मूल आतून हलतं. पत्रांमध्ये त्या एकत्र यायला पुरेसा वेळ आणि जागा असते.

आधी तुमच्या मुलाबद्दल, कारण त्याच्या बोलण्याने तुम्ही धास्तावलेले दिसता. साधारण ११-१२ वर्षांनंतर मुलांना समोर नसलेल्या, केवळ शक्य असलेल्या गोष्टींचा विचार करता येऊ लागतो, हे मानसशास्त्रज्ञ ज्यां पियाजे यांनी मांडलं. म्हणजे 'शिक्षक असा असतो' याच्यापलीकडे जाऊन 'शिक्षक कसा असायला हवा' याचं चित्र मुलाच्या डोक्यात तयार होतं. एकदा ते चित्र तयार झालं की प्रत्यक्षातला प्रत्येक माणूस त्याच्यापुढे कमीच पडतो. तुमच्या मुलाला सर बावळट वाटतात, यात एका नव्या बौद्धिक ताकदीचा वाटा आहे. ती ताकद त्याला अजून नीट वापरता येत नाही, एवढंच.

दुसरा धागा भीतीचा आहे. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली किशोरवयाच्या एका खुणेकडे लक्ष वेधलं. या वयात मुलाला सतत वाटतं की सगळ्यांचे डोळे आपल्यावरच खिळलेले आहेत. आपलं नाक, आपला आवाज, आपली चप्पल, सगळं कुणीतरी पाहतंय आणि त्यावर शेरे मारतंय. अशा मुलाने इतरांवर आधी शेरा मारणं हा बचावाचा एक मार्ग असतो. इतरांना फार नावं ठेवणारी जी मुलं माझ्याकडे येतात, त्यांतली बरीचशी स्वतःबद्दल त्याहून कठोर बोलतात. फक्त ते घरी ऐकू येत नाही.

आणि तिसरा धागा तर आपणा सगळ्यांचाच आहे. मला उशीर झाला तर बस चुकलेली असते. दुसऱ्याला उशीर झाला तर तो बेशिस्त असतो. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण त्याच्या परिस्थितीत न शोधता त्याच्या स्वभावात शोधायची ही सवय ली रॉस यांनी १९७७ साली मूलभूत आरोपण-दोष म्हणून मांडली. प्रौढ माणसं निदान तोंडावर तसं बोलायचं टाळतात. १४ वर्षांचा मुलगा टाळत नाही. "मी खरं तेच बोलतो" असं म्हणतो, तेव्हा तो मनापासून म्हणत असतो. त्याला वागणं दिसलं, कारण दिसलं नाही, आणि दिसलं तेवढंच त्याच्या लेखी खरं.

इथे आपण मोठे एक ठरलेला उपाय करतो: "जरा स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघ." मुलं हे करून बघतात, खरोखर बघतात, आणि सांगतात, "त्याच्या जागी मी असतो तर असं केलंच नसतं." कारण त्या जागी त्यांनी स्वतःलाच नेऊन बसवलेलं असतं, आपल्या घरासकट, आपल्या हुशारीसकट, आपल्या झोपेसकट. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ साली तब्बल २५ प्रयोग एकत्र प्रसिद्ध केले. समोरच्याच्या जागी स्वतःची कल्पना केल्याने त्याच्या मनातलं अधिक अचूक ओळखता येतं का, हे ते तपासत होते. तशी अचूकता वाढत नाही, असं दिसलं. वाढली ती समोरच्याशी प्रत्यक्ष बोलून, त्याला विचारून. कल्पनेने दुसऱ्याविषयी आपुलकी वाटू शकते, नातंही सुधारू शकतं, हे नाकारायचं कारण नाही. पण नावं ठेवणाऱ्या मुलाची अडचण अचूकतेची असते. त्याचा निकाल चुकलेला असतो आणि तो चुकलाय हे त्याला सांगू शकणारा माणूस एकच, ज्याच्याबद्दल निकाल दिला तो.

वर्गात हे घडणं जवळजवळ अशक्य असतं. तिथे नावं ठेवण्याला श्रोते असतात. कुणाची तरी नक्कल केली की चार जण हसतात, आणि त्या हसण्यावर मुलाचं गटातलं स्थान ठरतं. ज्याची टर उडवली त्याला जाऊन "तू असं का करतोस रे?" असं खरोखर जाणून घेण्यासाठी विचारायचं, तर सगळ्यांदेखत माघार घ्यावी लागते. पत्र लिहिताना खोलीत कुणी नसतं. ज्याला लिहायचं त्याचे कपडे, चाल, कुणाच्या शेजारी बसतो, यांतलं काहीच माहीत नसतं. शेरा मारला तर हसायला कुणी नाही आणि प्रश्न विचारला तर खिजवायलाही कुणी नाही.

त्यात भर वाट पाहण्याची. कागदी पत्राला उत्तर यायला आठवडे जातात. या काळात मनातला निकाल जरा सैल होतो. लिहिलेलं पत्र हातातून गेलेलं असतं, ते खोडता येत नाही, आणि वाचणाऱ्याला ते कसं वाटलं असेल हा विचार, मुलगा कितीही बेफिकीर असला तरी, मध्येच कधीतरी डोकावतो. म्हणूनच चॅटवरची मैत्री हे काम क्वचित करते. तिथे एक अंगठा दाखवला की उत्तर झालं. ईमेल चालेल, पण दोन-तीन आठवड्यांतून एक, आणि निदान पानभर, असा नेम हवा.

एका मुलीची हकीकत सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलले आहेत. १५ वर्षांची, अतिशय नेटकी, वेळेवर सगळं करणारी. तिच्या पत्रमैत्रिणीशी तिचं सुरुवातीपासून जमलं. दोघींना पोहायला आवडायचं, दोघींना धाकटे भाऊ होते. चौथ्या-पाचव्या पत्रात हिने वर्गातल्या एका मुलीबद्दल लिहिलं: रोज सकाळी दुसऱ्यांच्या वह्या मागते, गृहपाठ उतरवते, लाज म्हणून नाही, अशा मुलींना शाळेत ठेवतातच कशाला. चांगलं अर्धं पान भरून. उत्तर आलं, त्यात बाकी गप्पा होत्या आणि शेवटी तीन ओळी: मीही उतरवते. आई रात्रपाळीला जाते, भाऊ झोपेपर्यंत मी मोकळी नसते, मग डोळे मिटतात. तू हे वाचून मला लिहिणं बंद केलंस तर मला वाईट वाटेल.

त्या मुलीने कित्येक आठवडे काहीच लिहिलं नाही. ती चिडली होती. माझ्याजवळ म्हणाली, "तिने मला आधी सांगायला हवं होतं." हे वाक्य मी फार महत्त्वाचं मानते. आधी सांगितलं असतं तर मैत्री झालीच नसती, हे तिचं तिलाच बोलता बोलता जाणवलं आणि ती गप्प झाली. मी त्यावर काही बोलले नाही. पुढे तिने पत्र लिहिलं. त्यात माफी नव्हती, उपदेशही नव्हता. "तुझा भाऊ किती वाजता झोपतो?" असा प्रश्न होता. वह्या मागणाऱ्या वर्गमैत्रिणीशी तिची पुढेही दोस्ती झाली नाही. तिने वही मात्र द्यायला सुरुवात केली, आणि तिच्याबद्दल बोलताना "माहीत नाही तिचं काय असतं" असं म्हणायला लागली. इतकाच बदल. पण ज्या मुलीला सगळ्यांबद्दल सगळं माहीत असायचं, तिच्यासाठी "माहीत नाही" म्हणणं हे मोठं पाऊल होतं.

यात दोन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. एक, ती कबुली चौथ्या-पाचव्या पत्रानंतर आली. आधीची पत्रं पोहण्याची, भावाच्या खोड्यांची, परीक्षांची होती. ती कंटाळवाणी पत्रं फुकट गेली नव्हती. आर्थर ॲरन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली अनोळखी माणसांच्या जोड्यांना ३६ प्रश्न दिले, साध्यापासून खोल होत जाणारे, आणि दोघांनीही आळीपाळीने उत्तरं द्यायची होती. नुसत्या वरवरच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा या जोड्यांमध्ये जास्त जवळीक निर्माण झाली. पायरीपायरीने आणि दोन्ही बाजूंनी मन उघडणं हे त्यातलं मर्म. तुमच्या मुलाची जेमतेम दोन पत्रं झाली आहेत. ती नीरस असणारच.

दुसरी गोष्ट बरोबरीची. ती पत्रमैत्रीण हिच्या मदतीची याचक नव्हती. तिला पोहण्याबद्दल हिच्यापेक्षा जास्त कळत होतं. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली वेगवेगळ्या गटांतल्या माणसांचे पूर्वग्रह कशा संपर्काने कमी होतात याच्या अटी मांडल्या, त्यांत बरोबरीचं स्थान ही एक ठळक अट होती. टॉमस पेटिग्र्यू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ साली अशा ५१५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. संपर्काने पूर्वग्रह सरासरीने कमी होतात, असं त्यांना आढळलं. दोन वर्षांनी त्यांनी हे कशामुळे होतं ते तपासलं. समोरच्याविषयी ज्ञान वाढण्याचा परिणाम सर्वांत कमी निघाला. त्याच्याबद्दलची धास्ती कमी होणं आणि त्याच्याविषयी सहवेदना वाटणं यांचा परिणाम जास्त होता. हे वाचल्यापासून मी शाळांना आग्रहाने सांगते की "आमच्या देशाचा ध्वज, लोकसंख्या, मुख्य पिकं" अशी पत्रं मुलांकडून लिहून घेऊ नका. ती माहिती पुस्तकात आहे. आणि "या गरीब मुलांना तुमच्या पत्राने आनंद होईल" असं सांगून तर कधीच सुरुवात करू नका. त्यातून दया येते, आणि दया वरून खाली पाहते. नावं ठेवणाऱ्या मुलाला वरून पाहायची सवय आधीच असते. आपण तिला आणखी एक सभ्य निमित्त देतो.

आता अक्षर आणि चुकांबद्दल. तो मुलगा कुठल्या भाषेत लिहितोय? बहुतेक अशा उपक्रमांत दोघांपैकी एक जण, कधी दोघेही, शिकलेल्या परक्या भाषेत लिहीत असतात. तुमच्या मुलाला हे सांगू नका. सांगितलंत की ते तुमचं व्याख्यान होतं. त्याऐवजी त्याने मित्राला विचारावं की तुझ्या भाषेत 'माझं नाव अमुक, मला अमुक आवडतं' कसं लिहितात, आणि पुढच्या पत्रात त्या भाषेत, त्या लिपीत चार ओळी स्वतः लिहाव्यात. एका मुलाने हे केलं, तेव्हा त्याला त्या चार ओळींना संपूर्ण संध्याकाळ लागली. त्यानंतर मित्राच्या चुकांबद्दल त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. उलट मित्राने त्याच्या ओळी लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवल्या. त्याचा याला राग न येता गंमतच वाटली. मला त्या दुरुस्तीचं जास्त कौतुक वाटलं, कारण तिथे बरोबरी आली.

एक धोका मात्र हमखास असतो आणि पालक त्याने गोंधळतात. पत्रमित्र आवडायला लागला की काही काळ तो देवासारखा होतो. जोसेफ वॉल्थर यांनी १९९६ साली लेखी संवादाबद्दल हे मांडलं की समोरचा माणूस दिसत नसल्याने आपण रिकाम्या जागा आपल्या मनासारख्या भरतो, आणि समोरचाही स्वतःचं चांगलं तेच निवडून पाठवतो. मग घरात ऐकू येतं, "तो बघा किती समजूतदार, नाहीतर तुम्ही." लांबच्याशी मऊ आणि जवळच्यांशी पूर्वीइतकाच, किंवा जास्तच, कडक. हे अपयश नाही. लांबच्या माणसाशी सहृदय होणं सोपं असतं, तो आपला रिमोट लपवत नाही. लांबून जवळ यायला वेळ लागतो आणि त्याचा रस्ताही पत्रांतूनच जातो. मित्राला आपल्या घराबद्दल, भावाबद्दल, सरांबद्दल सांगताना मुलाला पहिल्यापासून सगळं समजावून सांगावं लागतं. वर्गात "आपले सर माहितीयेत ना" म्हटलं की भागतं. हजारो मैलांवरच्या मुलाला सर माहीत नसतात. मग ते कसे आहेत, काय करतात, का करत असतील, असं लिहावं लागतं, आणि लिहिता लिहिता माणूस शेऱ्यापेक्षा मोठा होतो. त्यातून मित्राने परत भाबडेपणाने विचारलं, "पण तुझे सर असं का करतात?" तर मुलाला उत्तर शोधावं लागतं. घरातल्या कुणी हाच प्रश्न विचारला असता तर भांडण झालं असतं.

तुम्ही काय करायचं, तर पहिली गोष्ट म्हणजे पत्रं वाचायची नाहीत. त्याने स्वतः दाखवलं तर वाचा आणि शुद्धलेखनावर बोलू नका. आई वाचणार हे माहीत असलेलं मूल आईला आवडेल असं पत्र लिहितं, आणि ते पत्र निरुपयोगी. दुसरी, पत्रमित्राला कधीही तुलनेसाठी वापरू नका. "बघ, तो मुलगा घरकाम करून शिकतो आणि तू?" असं एकदा म्हणालात की मैत्रीत तुम्ही शिरलात, आणि त्या मुलाचं कष्टाळूपण तुमच्या मुलाच्या डोळ्यांत खुपायला लागलं.

याचा अर्थ डोळे मिटून घ्यायचे असा नाही. सुरक्षेचे नियम पहिल्या पत्राआधी, आणि तुमच्या बाबतीत आता तिसऱ्याआधी, समोरासमोर बसून ठरवा. पत्रव्यवहार शाळेच्या पत्त्यावरून व्हावा. दोन्हीकडे जबाबदार शिक्षक कोण आहेत हे तुम्हाला माहीत असावं. घरचा पत्ता, फोन नंबर, खाजगी फोटो, पासवर्ड पाठवायचे नाहीत. पैशांची मागणी, वेगळ्या ॲपवर बोलायचा आग्रह, किंवा "हे कुणाला सांगू नकोस" असं काही आलं तर त्याच दिवशी मोठ्यांना सांगायचं. आणि मित्राने स्वतःला इजा करण्याबद्दल किंवा घरात मार खाण्याबद्दल लिहिलं तर ते गुपित ठेवणं ही मैत्री नसते, हे स्पष्ट बोलून ठेवा. असं ओझं १४ वर्षांच्या मुलाने एकट्याने वाहायचं नसतं. हे नियम त्याला कळले असतील तर पत्रं न वाचताही तुम्ही निश्चिंत राहू शकता.

आणि घरातल्या बोलण्याकडेही एकदा कान द्या. जेवताना आपण मोठी माणसं शेजाऱ्यांबद्दल, नातेवाइकांबद्दल, कार्यालयातल्या माणसांबद्दल काय बोलतो? मुलाची भाषा बरेचदा आपल्याच भाषेची धारदार आवृत्ती असते. कुणाबद्दल बोलून झाल्यावर "अर्थात, त्यांचं काय चाललंय हे आपल्याला कुठे माहीत आहे" असं एखादं वाक्य घरात नियमित उच्चारलं गेलं, तर त्याला मित्राच्या पत्रातून जे कळेल ते ठेवायला घरात जागा तयार असेल.

किती दिवसांत फरक दिसेल? निदान एक शैक्षणिक वर्ष धरा. फरकाचं सगळं श्रेय पत्रांना देऊ नका, आणि फरक लवकर दिसला नाही तर दोषही देऊ नका, कारण वयही आपलं काम करत असतं. नेदरलँड्समध्ये १३ ते १८ वयाच्या मुलामुलींचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुलग्यांमध्ये दुसऱ्याविषयी वाटणारा कळवळा पौगंडावस्थेच्या मधल्या टप्प्यापर्यंत घटत गेलेला आणि नंतर पुन्हा सावरलेला दिसला. दुसऱ्याच्या बाजूने विचार करण्याची क्षमताही मुलग्यांमध्ये साधारण १५ नंतर वाढू लागली, मुलींपेक्षा उशिरा. म्हणजे तुमचा मुलगा आत्ता त्या वाटेवरच्या उताराच्या भागात असण्याची बरीच शक्यता आहे. आवडणारा, उत्तर देणारा एक पत्रमित्र या काळात त्याला मिळतोय, ही वेळ उत्तम साधली आहे.

मात्र शेरे मारण्यापलीकडे जाऊन तो एखाद्या दुबळ्या मुलाला ठरवून छळत असेल, दुसऱ्याला दुखवल्यावर त्याला बरं वाटत असेल, किंवा स्वतःबद्दल "मी कुणालाच नकोय" अशी भाषा येत असेल, झोप-भूक बदलली असेल, तर पत्रांवर विसंबून थांबू नका. प्रत्यक्ष समुपदेशकाला भेटा.

आणि तिसऱ्या पत्राचं. "असल्या मुलाला काय लिहायचं?" असं तो म्हणतोय, म्हणजे लिहायचं नाही असं अजून ठरलेलं नाही. त्याला दोन्ही पत्रं पुन्हा वाचायला सांगा आणि त्यांतलं असं एक वाक्य शोधायला सांगा, ज्याचं कारण त्याला माहीत नाही. चुका असलेलं वाक्यही चालेल. त्या एका वाक्याबद्दल एक प्रश्न आणि त्याच विषयावर स्वतःबद्दलच्या चार ओळी, एवढं तिसऱ्या पत्राला पुरे. तो प्रश्न कुठला होता, हे तुम्हाला कळलं नाही तरी चालेल.